दुखरी पोटरी आणि चालण्याचे औषध

कमाटीबागेत पहाटे फिरावयास येणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. पहिला वर्ग हात हलवीत, गप्पा मारीत दोन फेऱ्या पुऱ्या करून चहाकडे वळणाऱ्यांचा. दुसरा वर्ग संख्येने लहान. ही मंडळी थोडे चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. आणि थांबण्याचे कारण कोणी विचारू नये म्हणून एखादे फुलझाड न्याहाळीत असल्याचा बहाणा करतात. जर्मन भाषेत त्यांच्या व्याधीला ‘दुकानांच्या काचेपुढे थांबणाऱ्यांचा आजार’ अशा अर्थाचे नावच आहे. पोटरीत गोळा आला की दुकानातील मांडणी पाहत उभे राहायचे, गोळा विरघळला की पुढे निघायचे. आपल्याकडे दुकानांऐवजी फुलझाडे, एवढाच काय तो फरक.

या दुसऱ्या वर्गातील एका गृहस्थांशी मी जे वागलो, ते आज लिहिताना संकोच वाटतो. परंतु स्मरणिकेसाठी व्यायाम आणि रक्ताभिसरण या विषयावर लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा प्रथम आठवले ते हेच गृहस्थ.

दांडिया बाजारात राहणारे हे निवृत्त शिक्षक. गल्लीतील लहानथोर सारे त्यांना ‘गुरुजी’ म्हणत, मीही म्हणे. मधुमेह दहा वर्षांचा, विडी त्याहून जुनी. 1999 च्या हिवाळ्यात ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, दीडशे पावले चाललो की उजवी पोटरी धरते. उभा राहिलो की दोन मिनिटांत सुटते. पुन्हा दीडशे पावले, पुन्हा तेच. अगदी मोजून.” पायाची नाडी चाचपली, घोट्यापाशी ती लागेना. निदान स्पष्ट होते. औषधे लिहिली, विडी सोडण्याविषयी बजावले, आणि निरोप देताना अगदी सहज, जिव्हाळ्याने म्हणालो, “गुरुजी, आता उगाच पाय दुखवून घेऊ नका. लागेल तेव्हा रिक्षा करा.”

गुरुजी आज्ञाधारक. सहा महिन्यांनी आले ते मुलाच्या आधाराने. दीडशे पावलांची साठ झाली होती. पायातील रोहिणी त्या काळात अधिक बंद झाली असावी, असे मी प्रथम धरले. तपासणीत तसे काही आढळले नाही. घोट्याचा रक्तदाब जेवढा पूर्वी होता जवळजवळ तेवढाच होता. वाईट झाली होती ती माझी सूचना.

ती चूक कशी झाली हे समजण्यासाठी निरोगी पायात चालताना काय घडते, तेथून सुरुवात केली पाहिजे. डॉक्टर वाचकांनी ही उजळणी गोड मानून घ्यावी; इतरांसाठी ती आवश्यक आहे.

आपण स्वस्थ बसलेले असताना हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते. शरीराच्या वजनाचा पस्तीस-चाळीस टक्के भाग स्नायूंचा असूनही त्यातील जेमतेम एक लिटर त्यांच्या वाट्याला येते. उरलेले यकृत, आतडी, मूत्रपिंडे, मेंदू यांच्यात वाटले जाते. मनुष्य जोराने धावू लागला की हेच हृदय वीस ते पंचवीस लिटर रक्त फेकते, आणि त्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक स्नायूंकडे जाते. एकूण रक्त तेवढेच, पाच-सव्वापाच लिटर. त्याच्या फेऱ्या मात्र चौपट-पाचपट होतात आणि वाटपही पालटते. आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या आकसतात. मेंदूचा हिस्सा, सुमारे पाऊण लिटर, त्याला हात लागत नाही. जेवणानंतर लगेच पळू नये असे वडीलधारी मंडळी सांगत, त्यामागे हे वाटपाचे भांडण आहे. पोटभर जेवणानंतर आतड्यांना रक्त हवे असते आणि स्नायूंनाही. हृदयाच्या रोहिण्या ज्यांच्या अरुंद आहेत त्यांना जेवणानंतर चढ चढताना छातीत दुखते, ते याच कारणाने.

हे वाटप ठरवते कोण? मेंदू ठरवतो, हे अर्धेच उत्तर. मज्जातंतूंच्या आज्ञेने शरीरभर वाहिन्या आकसतात; त्या आज्ञेला न जुमानता काम करणारा स्नायू स्वतःच्या वाहिन्या स्वतः उघडतो. काम सुरू होताच तेथे प्राणवायू कमी पडतो, कर्बवायू, पोटॅशियम, ॲडेनोसिन आदी द्रव्ये साचतात, आणि हीच द्रव्ये जवळच्या सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतींना सैल करतात. जुन्या वाड्यातील सामाईक टाकीची आठवण करावी. ज्याला पाणी हवे त्याने आपली तोटी उघडायची; टाकीला काही विचारायचे नाही, टाकी भरलेली राहील एवढे हृदयाने पाहायचे.

तोटी किती उघडली तर किती पाणी येते, याचा हिशोब मोठा विलक्षण आहे. पॉझ्वय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून दाखविले की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या केवळ वीस टक्क्यांनी वाढली तर प्रवाह दुप्पट होतो. निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. जिवंत रोहिणी काही काचनळी नव्हे, तेव्हा हे आकडे शब्दशः घेऊ नयेत. तरीही सूक्ष्म वाहिन्या किंचित सैल झाल्याने स्नायूचे रक्त अनेक पटींनी कसे वाढते, हे त्यावरून कळते. विश्रांत अवस्थेत शंभर ग्रॅम स्नायूला मिनिटाला तीन-चार मिलिलिटर रक्त पुरते. पूर्ण जोराच्या कामात ते शंभर मिलिलिटरच्याही वर जाते.

स्नायूच्या आत काय होते ते डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले. स्नायूच्या विश्रांतीत बहुसंख्य केशवाहिन्या मिटलेल्या असतात आणि कामात त्या उघडतात, असे त्यांनी प्रतिपादिले. 1920 चे नोबेल पारितोषिक त्यांना या कार्याबद्दल मिळाले. विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून थोडेफार रक्त वाहतच असते, असे पुढील संशोधकांना आढळले, त्यामुळे क्रोग यांचे चित्र आज जसेच्या तसे कोणी मांडत नाही. नित्य व्यायामाने मात्र स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटतात, याविषयी दुमत नाही.

आता परतीचा प्रवास. हृदयाने खाली ढकललेले रक्त पायांतून वर आणायचे, तेही गुरुत्वाकर्षणाविरुद्ध, हे काम मुख्यतः पोटरीचे. पोटरीतील स्नायूंच्या पोटात मोठ्या नीला आहेत. पाऊल उचलताना स्नायू आवळले की त्या पिळल्या जातात. आतल्या झडपा रक्ताला वरच जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी नीलेतील दाब सुमारे नव्वद मिलिमीटर असतो. तोच मनुष्य दहा-बारा पावले चालला की वीस-तीस मिलिमीटरवर उतरतो. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते उगाच नव्हे. दिवसभर फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक, चौकातील पोलीस, गल्ल्याशी उभे राहणारे दुकानदार यांच्या पायांवर फुगलेल्या नीला दिसतात. त्यांचे दुखणे उभे राहण्याचे आहे, चालण्याचे नव्हे. या लोकांना ‘पायांना विश्रांती द्या’ असे सांगून भागत नाही. अधूनमधून चार पावले टाका, निदान टाचा उचलून खाली टेका, असे सांगावे लागते. धावण्याची शर्यत संपताच जो जागीच थांबतो त्याला कधी कधी भोवळ येते, तीही याच पंपामुळे. स्नायूंतील वाहिन्या सताड उघड्या, पोटरी मात्र थांबलेली; रक्त पायांतच राहते. म्हणून थांबण्यापूर्वी दोन-चार मिनिटे सावकाश चालावे.

येथवरचे सारे त्या-त्या क्षणापुरते झाले. महिनोन्‌महिने व्यायाम करणाऱ्याच्या वाहिन्यांत कायमस्वरूपी काही बदलते का?

या प्रश्नाचे उत्तर रोहिणीच्या आतल्या अस्तरात आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा एंडोथेलियम म्हणजे नळीला आतून लावलेला गुळगुळीत कागद, एवढीच त्याची थोरवी आम्हांला ठाऊक होती. रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती समजूत पालटली. अस्तर शाबूत असलेली रोहिणी ॲसिटिलकोलिन लावताच सैल होते, अस्तर खरवडून काढलेली होत नाही, असे त्यांना आढळले. अस्तरातून काहीतरी स्रवते हे उघड झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधासुधा वायू. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना त्याबद्दल 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या वायूचा स्राव वाढविणारी एक मोठी प्रेरणा म्हणजे वाहत्या रक्ताचे अस्तरावर होणारे घर्षण. रक्त वेगाने वाहिले की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते, रोहिणी रुंदावते, रक्तातील बिंबिका भिंतीला चिकटत नाहीत. रोज ठराविक वेळ हे घडत राहिले तर अस्तराची ही क्षमताच वाढते, आणि कालांतराने नळीचा व्यासही. जर्मनीतील हांब्रेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखविले की हृदयरोग्यांत केवळ चार आठवड्यांच्या नेमाच्या व्यायामाने हृदयाच्या रोहिण्यांचे अस्तर सुधारते. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. रक्त मंद वाहू लागले की अस्तर आळसावते. मी गुरुजींना रिक्षात बसविले तेव्हा त्यांच्या पायातील उरल्यासुरल्या वाहिन्यांचे घर्षणच काढून घेतले होते.

बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरेन्स डिमार 1958 साली निवर्तले. आयुष्यभर धावलेल्या या मनुष्याच्या शवविच्छेदनात हृदयाच्या मुख्य रोहिण्या सामान्यांपेक्षा दुपटी-तिपटीने रुंद आढळल्या. त्यांत मेदाचे थर मुळीच नव्हते असे नाही, होते. परंतु नळीच एवढी रुंद की त्या थरांनी काही अडले नाही. एका माणसावरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनी मात्र हजारोंचा हिशोब मांडला. दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणारे चालक आणि त्याच बसचे जिने चढत-उतरत तिकिटे फाडणारे वाहक. 1953 च्या त्यांच्या निबंधानुसार वाहकांमध्ये हृदयविकार कमी, आणि झाला तरी आकस्मिक मृत्यू कमी. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच अधिक असल्याचे निघाले. म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. स्वतःच्या निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारा संशोधक मला त्या निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो.

विश्रांतीचे मोल किती चुकते द्यावे लागते, हे 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे मोजले गेले. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशी गाठलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी क्षमता गेली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी नेली होती.

आता गुरुजींच्या पोटरीकडे वळू.

या दुखण्याचे पहिले चांगले वर्णन माणसाचे नव्हे, घोड्याचे आहे. फ्रान्समधील पशुवैद्य बूले यांनी 1831 मध्ये, थोडे चालताच लंगडणाऱ्या आणि थांबताच बरा होणाऱ्या घोड्याच्या मांडीतील रोहिणी बंद असल्याचे नोंदविले. 1858 मध्ये शार्को यांनी तेच माणसांत ओळखले. इंटरमिटंट क्लॉडिकेशन या नावाचा अर्थही ‘थांबून थांबून लंगडणे’ एवढाच.

मांडीतील रोहिणी अरुंद झाली तरी बसल्या जागी काही जाणवत नाही, कारण विश्रांत स्नायूची गरजच अल्प. पुढच्या सूक्ष्म वाहिन्या सैल होऊन ती भागवून नेतात. परंतु चालू लागताच गरज दहापट होते आणि या वाहिन्या तर आधीच उघडलेल्या. आणखी उघडायला जागा नाही. अडथळ्यापलीकडील दाब कोसळतो, स्नायूत आम्लद्रव्ये साचतात, पोटरी धरते. उभे राहिले की गरज ओसरते, दोन-तीन मिनिटांत वेदना जाते. मणक्यातील नस दबल्यानेही चालताना पाय दुखतात, आणि आमच्याकडे या दोहोंची गल्लत पुष्कळ होते. मणक्याच्या रुग्णाला नुसते उभे राहून बरे वाटत नाही. त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते. हातगाडीवर रेलून तो खुशाल चालतो. रोहिणीच्या रुग्णाला उभे राहणे पुरते, आणि त्याचे पावलांचे गणित रोज बहुधा तेच असते. हा एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागत नाही.

निदान पक्के करण्यास मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. घोट्याचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब, भागाकार 0.9 पेक्षा कमी आला तर पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असे समजावे. हातात धरावयाचे लहानसे डॉप्लर आणि नेहमीची रक्तदाबाची पट्टी एवढेच साहित्य. मधुमेह्यांच्या रोहिण्या कधी कधी चुन्याने कडक होतात, पट्टीने दबत नाहीत, आणि भागाकार फसवा, 1.4 च्याही वर येतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. हा भागाकार कमी असलेल्या माणसाला पायापेक्षा हृदयाचा आणि मेंदूचा धोका मोठा असतो. म्हणून तंबाखू कायमची बंद, स्टॅटिन, बिंबिकारोधक औषध, साखर आणि रक्तदाब यांवर ताबा, हे चालण्याच्या सल्ल्यासोबत आलेच पाहिजे. चालणे हा त्यांना पर्याय नव्हे.

गुरुजींचा भागाकार 0.62 होता. मी माझी चूक त्यांच्यापाशी कबूल केली. ते हसून म्हणाले, “म्हणजे आता दुखत असताना चालायचे? अहो, आधी तर नेमके उलटे सांगितलेत!”

होय, दुखत असताना. येथेच या उपचाराचे मर्म आहे आणि येथेच तो बहुतेक वेळा फसतो. नियम असा की पोटरी दुखू लागेपर्यंत चालावे, दुखू लागल्यावरही वेदना मध्यम ते बरीच होईपर्यंत आणखी थोडे चालावे, मग पूर्ण बरे वाटेपर्यंत थांबावे, आणि पुन्हा निघावे. थांबण्याचा काळ धरून तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आठवड्यातून निदान तीन वेळा, निदान बारा आठवडे. वेदना सुरू होताच थांबले, किंवा वेदना येऊच नये इतके हळू चालले, तर लाभ फारसा पदरी पडत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील लाइट या चाचणीत नेमके हेच तपासले गेले. वेदना होईल अशा वेगाने घरच्या घरी चालणारा गट सुधारला; सुखाच्या वेगाने चालणारा गट व्यायाम न करणाऱ्यांच्या पुढे गेला नाही. ‘जमेल तसे हिंडत-फिरत राहा’ हा आपला आवडता सल्ला म्हणूनच अपुरा आहे. रुग्णाला वेदनेची परवानगी, किंबहुना आज्ञा, डॉक्टरच्या तोंडून मिळावी लागते. अन्यथा तो सुज्ञ मनुष्य दुखू लागताच थांबणार. आपणही थांबलो असतो.

या वेदनेने स्नायूला इजा होत नाही का, अशी शंका रुग्ण विचारतो आणि त्याची पत्नी अधिक काळजीने विचारते. चालण्यापुरती येणारी आणि थांबताच जाणारी वेदना पाय निकामी करीत नाही, असे निःशंक सांगावे.

बारा आठवडे गुरुजी चालले. सूनबाईंनी एक वही करून दिली. तीत रोजची पावले, थांबण्याची ठिकाणे, आणि किती दुखले त्याचे पाचपैकी गुण! शिक्षकाचा पिंड तो. साठाची दीडशे झाली, दीडशेची अडीचशे, पुढे चारशेच्या वर. मी आनंदाने पुन्हा डॉप्लर लावले. भागाकार 0.63.

“नळी तशीच आहे म्हणता,” गुरुजींनी विचारले, “मग मी चालतो कसा?”

प्रश्न मार्मिक होता, आणि संशोधकांनाही तो तितकाच छळत आला आहे. डेन्मार्कच्या लार्सेन आणि लासेन यांनी 1966 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज चालणाऱ्या रुग्णांचे चालणे वाढले, परंतु पोटरीचा कमाल रक्तप्रवाह वाढलेला दिसला नाही. चालण्याने मोठ्या रोहिणीतील अडथळा विरघळत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. ‘नैसर्गिक उपायांनी ब्लॉकेज उघडा’ अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, त्यांचा आणि या उपचाराचा काही संबंध नाही. घडते ते अडथळ्याच्या अलीकडे-पलीकडे. आडवाटेच्या लहान रोहिण्या काहींमध्ये रुंदावतात. अस्तर जागे होते, त्यामुळे सूक्ष्म वाहिन्या वेळेवर उघडतात. स्नायूपेशींतील मायटोकॉन्ड्रिया सुधारतात, तेव्हा आलेल्या रक्तातून स्नायू प्राणवायू अधिक चांगला उचलतो. आणि चाल सुधारते. लंगडत, पाय ओढत चालण्यात जी शक्ती वाया जाते ती वाचते. यांतील कोणाचा वाटा किती, याविषयी आजही एकमत नाही. मी गुरुजींना एवढेच म्हणालो, “पगार वाढला नाही, पण घर काटकसरीने चालू लागले.” निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ते तत्काळ पटले.

‘हे सारे ठीक, पण आता फुगा आणि स्टेंट असताना इतका खटाटोप कशाला?’ असे तरुण सहकारी विचारतात. त्यांना 2012 ची क्लेव्हर ही चाचणी पाहावयास सांगावे. पोटातील महारोहिणी आणि तिच्या शाखा यांत अडथळा असलेले रुग्ण. काहींना स्टेंट, काहींना देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा अवधी व्यायामगटात स्टेंटपेक्षाही अधिक वाढला होता. रुग्णांना स्वतःला वाटणारे जीवनमान मात्र स्टेंटच्या गटात काहीसे सरस होते, हेही लपवू नये. हृदयाच्या बाबतीत हांब्रेख्ट यांच्याच 2004 च्या चाचणीत, स्थिर अंजायना असलेल्या 101 पुरुषांपैकी व्यायाम करणारे 88 टक्के वर्षभर गंभीर घटनेविना राहिले, स्टेंट घातलेले 70 टक्के. ही चाचणी लहान आहे आणि निवडक रुग्णांची आहे; तिचा अर्थ स्टेंट निरुपयोगी असा नव्हे. पायाच्या दुखण्यात व्यायाम आणि औषधे मनापासून देऊन पाहिल्याविना अँजिओग्राफीकडे धाव घेऊ नये, इतका मात्र निश्चित आहे.

अर्थात, प्रत्येक दुखऱ्या पायाला चालवायचे नसते. रात्री अंथरुणात पाय दुखतो, खाली लोंबकळत सोडला की बरे वाटते. बोटावर जखम आहे ती भरत नाही. बोट काळवंडले आहे. अशा रुग्णाला चालण्याचा सल्ला देणे हा माझ्या रिक्षाच्या सल्ल्याहून मोठा अपराध होईल. त्याला तातडीने रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर झाला तर काही तासांचाच प्रश्न असतो. ‘सकाळी बघू’ म्हणण्यास वाव नाही. छातीत दुखणे, श्रमाने धाप लागणे असेल तर हृदयाची तपासणी आधी. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, देवळात जातानाही मोजे असावेत, आणि रोज रात्री तळवे पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. बधिर पायाला खडा टोचल्याचे कळत नाही.

आणखी एक खुलासा. वडोदरा हे जुम्मादादा व्यायाममंदिराचे आणि प्रो. माणिकरावांचे शहर, येथे व्यायाम म्हटला की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे जोर, बैठका, मुद्गल येतात, आणि नातवंडांच्या डोळ्यांपुढे जिममधील वजने. रक्ताभिसरणाच्या दृष्टीने या दोन जातींत भेद आहे. चालणे, पोहणे, सायकल यांत स्नायू आवळतो आणि सैल होतो, रक्ताला वाट मिळते. फार जड वजन श्वास रोखून उचलताना स्नायू आवळलेलाच राहतो, त्यातील वाहिन्या दबतात आणि रक्तदाब क्षणभर अफाट चढतो. पायांनी वजन रेटणाऱ्या निरोगी तरुणांच्या रोहिणीत नळी घालून 1985 मध्ये केलेल्या मोजणीत तो सरासरी 320 वर 250 पर्यंत गेला होता! तरुण निरोगी वाहिन्या हे सोसतात. साठीच्या, रक्तदाब असलेल्या गृहस्थाने हलकी वजने, श्वास न रोखता जरूर उचलावीत. नातवाशी स्पर्धा करू नये.

आपल्याकडे देखरेखीखालील चालण्याचे वर्ग फारसे नाहीत. तेव्हा चिठ्ठीवर औषधाप्रमाणेच चालणे लिहावे, असे मी आता करतो. मात्रा, वेळा, मुदत आणि फेरतपासणीची तारीख. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल असला तर घराच्या गच्चीवर किंवा लांब ओसरीत. शक्यतो सपाट रस्ता, ठराविक अंतरावर टेकण्याची सोय, आणि सोबत एक माणूस. वही मात्र हवीच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीच सुधारत नाही असे वाटून बरेच जण सोडून देतात, तेव्हा मागची पाने दाखविता येतात.

गुरुजी त्यानंतर सात वर्षे चालले. विडी सुटावयास दीड वर्ष लागले, आणि त्याचे श्रेय माझे नव्हे, सूनबाईंचे. दांडिया बाजारातून कमाटीबागेपर्यंत ते दोन वेळा थांबून येत आणि परतताना रिक्षा करीत. “ही तुमची जुनी चिठ्ठी अजून चालते,” असे मला पाहून मुद्दाम मोठ्याने म्हणत. पुढे हृदयविकाराने ते गेले. पाय शेवटपर्यंत दोन्ही शाबूत होते. त्यांची वही सूनबाईंनी मला आणून दिली. ती दवाखान्यातील टेबलाच्या खणात आहे, आणि नव्या रुग्णाला चिठ्ठी लिहिताना मी तिचे पहिले पान उघडतो. त्यावर सुवाच्य मास्तरी अक्षरात लिहिले आहे : पावले 60, गुण 5 पैकी 4, थांबलो पानाच्या दुकानाशी.